शीआन : राजधानी गेली, गाव राहिले

एखादे शहर राजधानी होते तेव्हा तेथे काय काय घडते, हे इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर वाचायला मिळते. राजधानी तेथून उठून जाते तेव्हा मागे राहिलेल्या गावाचे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी लिहिते. पैठण, देवगिरी, रायगड ही नावे आपल्या परिचयाची असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला नवा नाही. चीनमधील शीआन शहराचा इतिहास मला याच प्रश्नासाठी मोलाचा वाटतो. हजाराहून अधिक वर्षे निरनिराळ्या राजवंशांनी येथून राज्य केले. मग इ.स. ९०४ मध्ये राजधानी हलली ती अखंड चीनची राजधानी म्हणून पुन्हा कधीच परत आली नाही. तरी आज तेथे सव्वा कोटीहून अधिक माणसे राहतात.

२०१७ मध्ये विजेच्या मोठ्या उपकरणांच्या तपासणीसाठी मी या शहरात साडेचार महिने होतो. सहा दिवस कारखान्यात आणि रविवारी गावात, असा क्रम होता. स्मरणिकेच्या संपादकांनी "प्रवासवर्णन नको, इतिहास लिही" असे बजावले आहे. त्यामुळे हॉटेल, विमान आणि खरेदी यांना फाटा देऊन थेट विषयाकडे वळतो.

शीआन शान्शी प्रांतात, वेई नदीच्या खोऱ्यात आहे. दक्षिणेला चिनलिंग पर्वताची भिंत, उत्तरेला पठार, आणि पूर्वेकडून आत यायला अरुंद खिंड. या प्रदेशाच्या चिनी नावाचा, म्हणजे ग्वानझोंगचा, अर्थच 'खिंडींच्या आतला मुलूख' असा आहे. थोड्या सैन्यात राखता येईल आणि पिकेही भरपूर येतील अशी जागा. येथील माती पिवळी आणि पिठासारखी बारीक असते. लाकडी फळ्यांच्या साच्यात ती थराथराने भरून धुमसाने चोपली की दगडासारखी घट्ट बसते. या शहराचे सारे जुने तट आणि राजवाड्यांचे चौथरे अशा चोपलेल्या मातीचे होते. चौथऱ्यावरचे वाडे मात्र लाकडी. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पुढचे बरेच काही उलगडते. माती उरते, लाकूड उरत नाही.

'प्राचीन राजधानी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच गाव येते. येथे निदान चार गावे आहेत आणि ती एकमेकांच्या शेजारी आहेत. इ.स. पूर्व अकराव्या शतकापासून झोऊ राजांची फंग आणि हाव ही जोडनगरी आजच्या शहराच्या नैर्ऋत्येला होती. छिन राजवंशाची शियानयांग ही राजधानी वेई नदीच्या उत्तर अंगाला होती. हान राजवंशाचे छांगआन वायव्येला उभे राहिले आणि स्वी-थांग काळातील छांगआन त्याच्या आग्नेयेला नव्याने आखले गेले. प्रत्येक नव्या सत्तेने जुन्या गावाच्या बाजूला आपले गाव वसवले. आजचे महानगर इतके पसरले आहे की या सगळ्या जागा त्याच्या पोटात किंवा कुशीत आल्या आहेत.

छिन राजाने इ.स. पूर्व २२१ मध्ये सगळी राज्ये जिंकून पहिला सम्राट ही पदवी घेतली. वजने, मापे, लिपी, इतकेच काय पण गाड्यांच्या दोन चाकांमधले अंतरही त्याने एकसारखे करायला लावले. इ.स. पूर्व २१० मध्ये तो वारला. त्याच्या थडग्याच्या परिसरात पुरलेले मातीचे सैन्य दोन हजारांहून अधिक वर्षे कोणालाही ठाऊक नव्हते. मार्च १९७४ मध्ये शीआनच्या पूर्वेला लिनथोंग भागात शेतकरी विहीर खणत असताना त्यांच्या कुदळींना भाजक्या मातीची शकले लागली. सैनिकांची एकूण संख्या सुमारे आठ हजार असावी असा अंदाज आहे. बाहेर काढताना त्यांच्यावर रंग होते, पण हवेशी गाठ पडताच रंगाखालचा लाखेचा थर आक्रसून रंग गळून पडले. सम्राटाच्या मुख्य थडग्याची टेकडी अजून उघडलेली नाही. जे जपण्याची विद्या हाती नाही ते उघडायचे नाही, हा निर्णय मला सगळ्या उत्खननापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

हान राजवंशाने इ.स. पूर्व २०२ मध्ये सत्ता घेतल्यावर गावाला छांगआन हे नाव मिळाले. त्याचा अर्थ 'चिरशांती'. येथूनच इ.स. पूर्व १३८ मध्ये झांग छ्यान हा अधिकारी पश्चिमेकडे वकिलातीवर निघाला. उत्तरेकडील श्योंगनू टोळ्यांविरुद्ध मित्र शोधणे हे त्याचे काम होते. त्याच टोळ्यांनी त्याला पकडून सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवले. शंभरावर माणसे घेऊन निघालेला हा गृहस्थ परतला तेव्हा मूळच्या पथकातला एकच सोबती त्याच्याबरोबर उरला होता. वकिलात म्हणून ती फसलीच. पण मध्य आशियातील देश, घोडे, पिके आणि बाजारपेठा यांची जी माहिती त्याने दरबारात सांगितली, तिच्यामुळे पश्चिमेचा रस्ता राज्याच्या नकाशावर आला. आपण ज्याला रेशीममार्ग म्हणतो त्याची सुरुवात चीनमध्ये या हकिकतीपासून सांगतात.

या गावाची खरी भरभराट थांग काळात झाली. नगराची आखणी मात्र आधीच्या स्वी राजवंशाची. इ.स. ५८२ मध्ये यूवेन काय नावाच्या अधिकाऱ्याने कोऱ्या जमिनीवर ती केली. पूर्व-पश्चिम सुमारे ९.७ किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ८.६ किलोमीटर असा आयत. क्षेत्रफळ ८४ चौरस किलोमीटर. मधोमध दीडशे मीटर रुंदीचा राजरस्ता. सगळे नगर सारीपाटासारखे शंभरावर चौकोनी पेठांत विभागलेले होते. प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत आणि स्वतःच्या वेशी. संध्याकाळी नगारे वाजले की वेशी बंद व्हायच्या आणि पहाटे पुन्हा नगारे वाजेपर्यंत मोठ्या रस्त्यावर फिरणे गुन्हा ठरायचा. पेठेच्या आत फिरायला मुभा होती. व्यापार दोन बाजारांत चाले, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या. पश्चिम बाजारात मध्य आशियातील सोग्दियन व्यापारी, इराणी, तुर्क असे नाना तऱ्हेचे लोक असत. नगराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास असावी असे मानतात. जपानची नारा आणि क्योतो ही राजधान्यांची नगरे याच आखणीवरून बेतली गेली.

परदेशी माणसांना येथे जागा होती हे आपण पुस्तकात वाचतो. पण ती किती वरची होती याची कल्पना मला एका नावावरून आली. थांग दरबाराच्या खगोल खात्याचा प्रमुख गौतम सिद्ध नावाचा होता. चिनी लोक त्याला छ्यूथान शीदा म्हणत. भारतीय वंशाच्या या घराण्यातील माणसांनी पिढ्यान् पिढ्या सम्राटाच्या पंचांगाचे काम पाहिले. गौतम सिद्धाने इ.स. ७१८ मध्ये भारतीय पद्धतीचे पंचांगगणित चिनी भाषेत आणले. त्याचे नाव आपल्या 'नवग्रह' या शब्दाचेच भाषांतर आहे. त्यात आपल्याकडची ज्या-सारणी आहे आणि शून्याच्या जागी ठिपका देण्याची रीतही सांगितलेली आहे. याच घराण्यातील एकाचा समाधिलेख १९७७ मध्ये शीआनजवळ सापडला. गणिताच्या तासाला शून्य ही भारताची देणगी असे आपण घोकत होतो. ती देणगी कोणी, कोठे, कोणत्या कचेरीत बसून पोहोचवली, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

आता आपल्या वर्गाच्या जुन्या ओळखीच्या पाहुण्याकडे येतो. आपल्या पुस्तकात तो ह्युएनत्संग होता, आपल्या मुलांच्या पुस्तकात युआन श्वांग झाला आणि शीआनमध्ये त्याला श्वानझांग म्हणतात. तो आला कोठून, या प्रश्नाला 'चीनहून' एवढे उत्तर एका गुणाला पुरत असे. तो निघाला छांगआनहून, इ.स. ६२९च्या सुमारास. राज्य नवे होते, सीमा बंद होत्या आणि बाहेर जायची परवानगी नव्हती. तो विनापरवानगीच गेला. नालंदाला शीलभद्राजवळ शिकला, देशभर फिरला आणि इ.स. ६४५ मध्ये छांगआनला परतला तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून. सम्राट थायझोंगने त्याला शिक्षा केली नाही, उलट सरकारी पद देऊ केले. ते त्याने नाकारले. मग सम्राटाने पश्चिमेकडील देशांची माहिती लिहून मागितली. ती ह्युएनत्संगाने शिष्याला सांगून ६४६ मध्ये पूर्ण केली.

त्या ग्रंथात महाराष्ट्रावर एक प्रकरण आहे. ह्युएनत्संग इ.स. ६४१च्या सुमारास आपल्याकडे येऊन गेला. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला इशारा देतात, हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांची वस्त्रे देतात, लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात, अशा गोष्टी त्याने नोंदवल्या आहेत. राजा पुलकेशी हर्षवर्धनापुढे नमला नाही हेही त्याने सांगितले आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन आहे. अभ्यासक हा विहार अजिंठ्याचा मानतात.

हा मजकूर छांगआनला बसून लिहिला गेला, याचे महत्त्व आपल्या सरांनी समजावले असते तसे मांडून पाहतो. पुलकेशीने हर्षाला रोखले हे आपल्याला ऐहोळेच्या शिलालेखातही सापडते. तो रविकीर्तीने इ.स. ६३४ मध्ये रचला. पण रविकीर्ती पुलकेशीच्या आश्रयातला कवी. राजाची स्तुती करणे हे त्याचे कामच होते. एकट्या त्याच्या शब्दावर निकाल देता येणार नाही. ह्युएनत्संगाला हर्षाने मोठा मान दिला होता, त्याचा ओढा असलाच तर हर्षाकडे असणार. त्याच माणसाने परक्या दरबारासाठी लिहिताना पुलकेशी नमला नाही असे लिहिले, म्हणून साक्ष पक्की झाली. एक साक्ष ऐहोळेच्या दगडावर, दुसरी वेई नदीकाठच्या कागदावर. आपल्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट त्या दूरच्या गावाने आपल्यासाठी सांभाळली.

ग्रंथ आगीपासून वाचावेत म्हणून ह्युएनत्संगाच्या आग्रहाने इ.स. ६५२ मध्ये एक स्तूपवजा मनोरा बांधला गेला. तोच आजचा 'रानहंसांचा मोठा पॅगोडा'. पहिला मनोरा आतून मातीचा असल्याने लवकरच ढासळू लागला, म्हणून इ.स. ७०१ ते ७०४ या काळात तो पुन्हा बांधला. आज तो सात मजली आणि सुमारे ६४ मीटर उंच आहे. २०१५ च्या मे महिन्यात आपले पंतप्रधान चीनला गेले तेव्हा चीनचे राष्ट्राध्यक्ष त्यांना याच मनोऱ्यापाशी घेऊन गेले होते. ह्युएनत्संगाने उरलेले आयुष्य भाषांतरात घालवले. इ.स. ६६४ मध्ये तो वारला तोपर्यंत १३३५ खंड पूर्ण झाले होते.

यानंतरचा इतिहास उतरणीचा आहे. इ.स. ७५५ मध्ये आन लूशानचे बंड झाले आणि पुढच्या वर्षी सम्राट राजधानी सोडून पळाला. ७६३ मध्ये तिबेटी फौज शहरात शिरली. ८८१ मध्ये ह्वांग छाव या बंडखोराने ते घेतले. शेवटचा घाव ९०४ सालचा. झू वेन नावाच्या सरदाराने सम्राटाला आणि रहिवाशांना पूर्वेच्या लुओयांगला हलवले. जाताना वाडे आणि घरे मोडून त्यांची लाकडे वेई नदीत सोडली आणि ती प्रवाहाबरोबर नव्या राजधानीकडे नेली. दगडी नगर असते तर ते असे उचलून नेता आले नसते.

मागे राहिलेल्यांनी उरलेल्या नगराच्या एका कोपऱ्याभोवती तट घातला. आज पर्यटक जो भव्य तट पाहून थांग काळाची आठवण काढतात, तो त्या काळचा नाहीच. तो मिंग राजवंशाने इ.स. १३७० ते १३७८ या काळात बांधला. लांबी १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर. थांग नगराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकी जागा तो वेढतो. गावाचे नावही तेव्हाच बदलले. शीआन म्हणजे 'पश्चिमेची शांती'. 'चिरशांती' जाऊन 'पश्चिमेची शांती' आली. राजधानीचे जिल्ह्याचे ठाणे झाले हे त्या दोन नावांतच सांगून टाकले आहे. थांग काळातील जमिनीवर उभे असे पाहायचे तर मुख्यतः विटांचे पॅगोडे आणि कोरलेल्या शिळा. 'शिळांचे वन' या संग्रहालयात इ.स. ८३७ मध्ये पुरी झालेली ग्रंथशिळांची रांग आहे. अभिजात चिनी ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरलेले आहेत. नकला करताना चुका होऊ नयेत म्हणून ही दगडी मूळ प्रत. तेथेच इ.स. ७८१ ची ख्रिस्ती पंथीयांची शिळा आहे, चिनी आणि सिरियाक अशा दोन लिप्यांत.

सामान्य माणसांचे गाव मात्र चालू राहिले. घंटाघर आणि नगारखाना मिंग काळात झाले. हुई मुसलमानांची वस्ती नगारखान्याच्या मागे वाढली. त्यांची मोठी मशीद चिनी मंदिरासारखी अंगणांमागून अंगणे ओलांडत पश्चिमेकडे जाते. त्यांच्या गल्लीत एक पदार्थ मिळतो. जाड भाकरीसारखी पोळी वाडग्यात हाताने बारीक कुस्करायची, मग स्वयंपाकी तो वाडगा नेऊन त्यात मटणाचा रस्सा घालून आणतो. रश्श्यात भाकरी कुस्करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. तुकडे मोठे राहिले तर शेजारच्या टेबलावरचे आजोबा नापसंतीने पाहतात, एवढाच फरक.

विसाव्या शतकात गावाचे नाव पुन्हा मोठ्या घडामोडींत आले. १२ डिसेंबर १९३६ रोजी झांग श्वेल्यांग आणि यांग हूचेंग या सेनानींनी च्यांग कै-शेक यांना शीआनजवळ अटक केली आणि जपानविरुद्ध कम्युनिस्टांशी हातमिळवणी करायला लावले. पुढे युद्ध पेटले. भारतीय वैद्यकीय पथकासोबत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये ज्या येनानला पोहोचले ते याच शान्शी प्रांतात, शीआनच्या उत्तरेला आहे. जपानी विमाने बॉम्ब टाकू लागली तेव्हा शीआनच्या लोकांनी मिंग तटाच्या पोटात निवारे खणले. १९३८ मध्ये शत्रूला अडवण्यासाठी चीनच्याच सरकारने पीत नदीचा बांध फोडला आणि होनान प्रांत बुडाला. १९४२ मध्ये तेथे दुष्काळ पडला. होनानचे लाखो निर्वासित रुळांच्या कडेने पश्चिमेला निघाले. त्यातले अनेक शीआन स्थानकाच्या उत्तरेला, रुळांपलीकडे झोपड्या बांधून राहिले. वस्तीचे नावही 'रुळांच्या उत्तरेला' असेच पडले.

ती वस्ती ज्या जमिनीवर होती तिच्याखाली थांग सम्राटांचा दामिंग राजवाडा पुरलेला होता. तीन चौरस किलोमीटरहून मोठा. येथून शीआनचा आजचा प्रश्न सुरू होतो.

जतनाच्या बाबतीत या शहराने एक मोठे काम केले आहे. १९५०च्या दशकात चीनमध्ये शहरांचे तट पाडण्याची लाट होती. बीजिंगचा तट जवळजवळ सगळा गेला. शीआनचा तटही पाडायचा प्रस्ताव १९५८ मध्ये होता, पण विरोध झाला आणि १९६१ मध्ये तो राष्ट्रीय संरक्षित वास्तूंच्या यादीत आला. १९८३ पासून त्याची मोठी दुरुस्ती झाली. २०११ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा बोगदा हादरे पोहोचू नयेत म्हणून घंटाघराला वळसा घालून नेला आहे. जमीन खणली की थडगे लागते, काम थांबते आणि पुराणवस्तूवाले येतात, हे तेथील कंत्राटदारांनी गृहीतच धरलेले असते.

पण दामिंग राजवाड्याचे प्रकरण वेगळे आहे. २०१० मध्ये तेथे राष्ट्रीय वारसा उद्यान खुले झाले. त्यासाठी 'रुळांच्या उत्तरेला' राहणाऱ्या हजारो कुटुंबांना हलवले गेले. आमच्या कामावरचा दुभाषी पंचविशीतला मुलगा होता. त्याची आजी लहानपणी होनानहून आईचे बोट धरून आली आणि या वस्तीत साठ-पासष्ट वर्षे राहिली. एका रविवारी तो मला उद्यानात घेऊन गेला. लांबरुंद हिरवळ, चोपलेल्या मातीचे चौथरे आणि त्यांना संरक्षण म्हणून घातलेली नवी वीट. एका जागी थांबून तो म्हणाला, "साधारण इथे आमचे घर असावे. नळ त्या झाडापाशी होता." मी विचारले, आजीला वाईट वाटते का? तो म्हणाला, "घरात संडास मिळाला म्हणून ती खूश आहे. पण ज्यांच्याशी ती होनानी बोलीत भांडायची त्या सगळ्या जणी वेगवेगळ्या इमारतींत गेल्या. आता ती भांडत नाही." आम्ही फिरलो त्या भागात राजवाड्याच्या प्रत्येक दालनाचा फलक होता. निर्वासितांच्या वस्तीचा फलक मला दिसला नाही.

राजवाडा तेथे सुमारे अडीचशे वर्षे नांदला, वस्ती सत्तर वर्षे. पहिल्याचा वारसा होतो आणि दुसरीचे अतिक्रमण, हे कोणत्या मापाने ठरते? हा प्रश्न ह्युएनत्संगाच्या समाधीपर्यंत पोहोचला होता. शीआनच्या दक्षिणेला शिंगज्याव मंदिरात त्याचा समाधिस्तूप आहे. २०१३ मध्ये रेशीममार्गाच्या स्थळांना जागतिक वारसा दर्जा मिळावा म्हणून मंदिराच्या काही नव्या इमारती पाडायचे घाटत होते. त्यांत भिक्षूंची राहायची आणि जेवायची जागा होती. देशभर ओरड झाली आणि बेत मागे पडला. २०१४ मध्ये दर्जा मिळाला, भिक्षू तेथेच राहिले. समाधी ठेवायची आणि समाधीची देखभाल करणाऱ्यांना घालवायचे, यातला विरोध लोकांना कळला. निर्वासितांच्या बाजूने तेवढी ओरड झाली नाही.

आजचे शीआन श्रीमंत आणि गजबजलेले आहे. युरोपकडे जाणाऱ्या मालगाड्या येथून सुटतात आणि त्यांना छांगआन हेच नाव दिले आहे. पॅगोड्याच्या दक्षिणेला थांग पद्धतीचा झगमगीत रस्ता आहे. तेथे रात्री तरुण मुली थांगकालीन पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढतात. सगळे सिमेंटचे आहे म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते खटकले नाही. ज्यांची नगरी लाकडासकट उचलून नेली गेली, त्यांच्या वंशजांना तिची नक्कल करावीशी वाटली तर त्यात नवल काय? फक्त नक्कल उभी करताना खरे काही पाडले जाऊ नये. आणि जुने काही परत आले म्हणून आनंद मानताना, सगळेच जुने परत यावे असेही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये करोनामुळे हे सव्वा कोटीचे शहर महिनाभर बंद केले गेले. दुभाष्याने फोनवर सांगितले, वसाहतीच्या फाटकाबाहेर पडता येत नाही. मला थांग काळातल्या पेठांच्या वेशी आणि संध्याकाळचे नगारे आठवले.

हे सगळे आपल्या मेळाव्याच्या स्मरणिकेत लिहिण्यास एक कारण आहे. शाळेची कौलारू इमारत ठेवायची की पाडून नवी बांधायची, यावर या वर्षी चर्चा होणार आहे. वासे कुजले आहेत, वर्गांत पाणी गळते आणि आजच्या मुलांना कोरड्या वर्गात बसायचा हक्क आहे. आपल्या आठवणींसाठी त्यांनी ओले व्हावे असे मी म्हणणार नाही. पण शीआनकडून मी एवढे शिकलो की लाकूड जाते, आणि जाण्यापूर्वी कोणी लिहून ठेवले असेल तेवढेच पुढच्यांच्या हाती लागते. म्हणून निर्णय काहीही होवो, त्याआधी शाळेच्या दाखल्यांचे रजिस्टर आणि जुने हजेरीपट यांची छायाप्रत काढून घ्यावी अशी माझी सूचना आहे. त्यात देणगीदार, मुख्याध्यापक आणि बोर्डात आलेली मुले यांच्याबरोबर घंटा देणारे मामा, पाणी भरणाऱ्या मावशी आणि चौथीतच शाळा सुटलेली आपली सोबतीणही असली पाहिजे. सुरुवातीची दोन-तीन वर्षांची पाने टिपून काढायला मी बसतो. अक्षर मोडी असलेल्या पानांसाठी बाईंची मदत लागेल.